अंजय्या मास्तरांचा पांढरा

मागच्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. हल्ली त्यात काही राहिलेलं नाही. सकाळी गेलो, दुपारी घरी येऊन वरणभात जेवलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली आणि गच्चीत गेलो, तर दोरीवर एक निळी चादर वाळत होती. इतका निळा निळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. सुनेला विचारलं, "नवी घेतली का गं?" ती म्हणाली, "बाबा, चार वर्षं तुम्हीच पांघरताय ती." मी कठडा धरून उभा राहिलो. सुनेला वाटलं चक्कर आली. मला अंजय्या मास्तर आठवले होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोलापुरात भद्रावती पेठेच्या अंगाला एका चादरीच्या कारखान्यात ते रंगमास्तर होते. सूत उकळून पांढरं करायचं, रंगवायचं, वाळवायचं आणि मागावर पाठवायचं, हे सगळं त्यांच्या हाताखाली. मी तिथं नक्षी काढायला लागलो ते दुष्काळाच्या आदल्या वर्षी. चौकटीच्या कागदावर मोर, वेली, कमळं काढायची आणि कुठल्या धाग्याला कुठला रंग ते कागदाच्या कडेला लिहून रंगखात्यात द्यायचं, हे माझं काम. वय चोवीस, चित्रकलेच्या दोन परीक्षा पास, त्यामुळे रंगातलं सगळं आपल्याला कळतं असा समज. पहिल्या दिवशी कागद घेऊन गेलो तर त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही.

"गाव कुटलं?"

"टेंभुर्णी."

"मग टेंभुर्णी, मला सांगा, ह्यो पोपटी तुमी लिवलाय, त्यो पोपटाच्या पाटीवरचा का मानंवरचा?"

त्यांनी स्वतःशीच मान हलवली आणि कागद घेतला. तेव्हापासून माझं नाव टेंभुर्णी पडलं ते पडलंच. ते सगळ्यांनाच गावाच्या नावानं हाक मारत. एक मागवाला नातेपुते होता, पहारेकरी अक्कलकोट होता. माणसाचं नाव विसरतं, गाव विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं स्वतःचं गाव तिकडं तेलंगणात, आजा चालत सोलापुराला आला म्हणे, पण मास्तरांनी ते कधी पाहिलं नव्हतं. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

अंगानं काटकुळे, पांढरं धोतर, पांढरा सदरा. रंगाच्या हौदांत दिवस काढणाऱ्या माणसाच्या कपड्यावर एक शिंतोडा नसायचा. हात मात्र कोपरापर्यंत रंगलेले. कारखान्यात कुठला माल चाललाय ते मालकाला विचारायची गरज नव्हती, मास्तरांची नखं बघितली की कळायचं. लग्नाच्या पंगतीत ते हिरव्या बोटांनी भात कालवायला लागले की अनोळखी शेजारी जरा सरकून बसायचा. मास्तर मुद्दाम त्याच्याच पानाकडं हात नेऊन म्हणायचे, "लिंबू घेऊ का तुमचं?"

रस्त्यानं चालताना समोरच्याच्या अंगावरच्या कापडाचं भविष्य सांगायची त्यांना खोड होती. "हे दोन उन्हाळं काढतंय. ते पयल्याच धुण्यात जातंय." एकदा त्यांनी मालकाच्या नव्या व्याह्यांनाच त्यांच्या कोटाविषयी असं काही सांगितलं. मालकांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी कोटाचा रंग खांद्यावर उतरल्याची बातमी आली आणि मालक स्वतः रंगखात्यात चहा घेऊन आले.

रंगाचे छापील नमुने त्यांना चालत नसत. तराजूही क्वचित. चमच्यानं डब्यातली पूड घ्यायची, हौदात सोडायची, सुताची एक लड बुडवून पिळायची आणि दारातल्या उजेडात धरायची. लड धरण्याआधी मात्र एक नेम होता. रंगखात्याची उत्तरेकडची भिंत चुन्यानं पांढरी केलेली असे. त्या भिंतीसमोर उभं राहून ते मिनिटभर नुसते बघत राहायचे. "डोळं पुसून घेतो," म्हणायचे. आधी बघितलेले सगळे रंग पांढऱ्यावर पुसले जातात, मग नवा रंग खरा दिसतो. त्या भिंतीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दर दसऱ्याला चुन्यात नीळ कालवून ते स्वतः तिला कुंचा मारायचे.

बेंगळूरचा एक व्यापारी एकदा बोटभर गोंडा घेऊन आला, अगदी असाच जांभळा पाहिजे म्हणून. मास्तरांनी विचारलं, "कुटं बघितला?" तो म्हणाला, दुकानात, ट्यूबलाइटखाली. "मग ह्यो त्यो नव्हंच. उद्या सकाळी या, उनात बघू." एवढ्या लांबून आलेल्या माणसाला त्यांनी रात्रभर लॉजवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंग तयार. व्यापाऱ्यानं दोन्ही धागे तळहातावर घेतले आणि आपला कुठला तेच त्याला कळेना. मास्तरांनी एक उचलला. "ह्यो तुमचा. ह्याच्यात धूळ हाय." व्यापारी त्यांच्या पाया पडायला वाकला तसे ते मागं सरकले, कारण आशीर्वादाला हात ठेवला असता तर त्याच्या डोक्याला जांभळं लागलं असतं.

आता राजव्वांविषयी सांगायला हवं. राजव्वा त्यांच्या बायको. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्या रंगखात्यातच कामाला होत्या. ओल्या लडी बांबूवर टाकायच्या, फिरवायच्या, वाळल्या की उतरवायच्या. मुलगा भिवंडीला गेलेला, मुलगी दिलेली. तीस वर्षं ही बाई नवऱ्याच्या पाठीमागं तीन पावलांवर उभी असे आणि त्यांनी हात मागं केला की हव्या त्या रंगाचा डबा त्या हातात असे. दोघं कामावर फारसं बोलत नसत. मला ते बघायला आवडायचं.

पहिल्यांदा काही बिनसलंय असं वाटलं ते भिंतीवरून. एका वर्षी दसऱ्याला रंगवलेली भिंत मास्तरांनी संक्रांतीला पुन्हा रंगवली. पिवळी पडली म्हणाले. मग पाडव्याला पुन्हा. दर वेळी चुन्यात नीळ जास्त. चौथ्या हाताला भिंत सरळसरळ आभाळी दिसायला लागली. नातेपुते हसत म्हणाला, "मास्तर, भिंतीवर चांदण्या काढायच्या राहिल्या की!" मास्तरांना कळलं नाही तो का हसतोय. त्यांनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "आत्ता कुटं जरा पांढरी झाली."

मग घरी धोतरावरून भांडणं. मास्तर म्हणायचे तिला धुणं जमत नाही, धोतर ताकातल्या हळदीसारखं पिवळट राहतं. राजव्वा मुकाट्यानं आणखी नीळ घालायच्या. मास्तर निळं धोतर नेसून कन्ना चौकातून ताठ मानेनं यायचे आणि पोरं मागून टिवल्याबावल्या करायची.

मला खरं काय ते एका दुपारी कळलं. नमुन्यासाठी पांढऱ्या सुताची लड हवी होती म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत रंगखात्यात गेलो. मास्तर घरी जेवायला गेले होते. राजव्वा लुगडं खोचून साध्या पाण्याच्या हौदात उभ्या होत्या. सकाळी मास्तरांनी पांढरं करून ठेवलेल्या सगळ्या लडी त्या घाईघाईनं खळबळून काढत होत्या आणि हौदातलं पाणी निळं होत होतं. मला बघून त्या थबकल्या.

"दादा, कुनाला बोलू नका."

"काय झालंय मावशी?"

"त्यास्नी पिवळं दिसतंय. केवडं बी पांडरं केलं तरी पिवळंच दिसतंय. मग नीळ टाकतेत, अजून टाकतेत. मी काय करू? हे सूत असंच मागावर गेलं तर मालक ठिवंल का त्यास्नी?"

"पण त्यांना सांगायला नको का?"

त्यांनी ओले हात कपाळाला लावले. "त्यांच्याकडं दुसरं काय हाय, दादा? डोळाच हाय की."

मी लड घेतली आणि निघून आलो. कुणाला बोललो नाही. पण एवढ्यावर भागलं नाही. काळ्या काठाच्या चादरींची एक मोठी मागणी आली, काळं सूत रंगून मागावर गेलं, चादरी विणून बाहेर आल्या, आणि उन्हात बघितलं तर काठ गडद निळा. मास्तरांनी काळा समजून निळ्या डब्यातली पूड घेतली होती. मालकांनी मास्तरांना, राजव्वांना आणि मला बोलावलं. मास्तरांनी काठ डोळ्याशी नेला. "काळा हाय की, मालक. काय बघायलाव तुमी?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो काळाच दिसत होता. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, माझ्याच कागदावर निळा लिहिला गेला. मास्तर खूश झाले आणि मला दारात म्हणाले, "टेंभुर्णी, ध्यान देत जावा." मालक मात्र मागं राहिले, राजव्वांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. त्यानंतर मास्तर कुठलाही डबा मागोत, राजव्वा मला विचारून कागदावर असेल तोच डबा हातात द्यायच्या. किती चमचे, ते मास्तरांचं. नंतर दुपारी हौदात काय कमी आणि काय जास्त, ते राजव्वांचं. माल चोख जाऊ लागला. मालक गप्प, मागवाले गप्प, मी गप्प. मास्तर रोज सकाळी त्या निळ्या भिंतीसमोर उभे राहून डोळे पुसत होते. अशी तीन वर्षं गेली.

पुढं त्यांना धूसरच दिसायला लागलं. एकदा उकळत्या हौदाच्या कडेवर हात टेकला आणि भाजून घेतला, तेव्हा कुठं दवाखान्यात यायला तयार झाले. मी आणि राजव्वा बरोबर होतो. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, दोन्हीकडं मोतीबिंदू आहे, उजवा पिकलाय, तो आधी काढू. मास्तरांना भाजलेल्या हाताला पट्टी करायला आत नेलं तेव्हा मी त्याला रंगाचं विचारलं. त्यानं नीट समजावलं. वय झालं की डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं. चहाच्या पाण्यातून बघावं तसं. पांढरं पिवळट दिसतं, निळा सगळ्यात आधी जातो, निळा आणि काळा एकच वाटायला लागतात. थोड्याफार फरकानं सगळ्या म्हाताऱ्यांचं हेच, पण कुणाच्या लक्षात येत नाही.

"त्यांना स्वतःला कळत नाही?"

"कसं कळेल? रोज तसूतसूनं होतं ते."

राजव्वा ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आपरेशन झाल्यावर निळा दिसंल त्यास्नी?"

"दिसेल की, आजी. लख्ख दिसेल."

डॉक्टरला वाटलं आजी खूश होतील. राजव्वांचा चेहरा पडला. बाहेर पायरीवर त्यांनी माझा हात धरला. "दादा, मग भिंत?"

त्या काळी ऑपरेशन झालं की डोळे बांधून आठ-दहा दिवस मान न हलवता पडून राहावं लागायचं. तेवढे दिवस आमच्या हातात होते. रविवारी कारखाना बंद असताना मी, नातेपुते आणि राजव्वा मिळून भिंतीला चुन्याचे दोन हात मारले, नीळ अगदी चिमूटभर. निळी धोतरं राजव्वांनी सोड्यात उकळून काढली. आम्हाला वाटलं, झालं. आम्ही तिघांनीही त्या दिवशी हौसेनं भजी खाल्ली. आठवलं की आजही लाज वाटते.

महिनाभरानं जाड भिंगाचा चष्मा आला. त्या चष्म्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं, पायरी कुठं आहे ते कळायचं नाही. मास्तर राजव्वांचा खांदा धरून कारखान्यात आले. नारळ फोडला, पेढे वाटले. मागवाले गोळा झाले. मास्तरांनी बांबूवरच्या निळ्या लडी बघितल्या आणि तोंड उघडं टाकून बघतच राहिले. "अय्यो," म्हणाले, "असा असतोय व्हय ह्यो!" सगळे हसले. मग ते सवयीनं भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

मिनिट झालं, दोन मिनिटं झाली.

"कुनी रंगवली?"

मी म्हणालो, "तुम्ही येणार म्हणून आम्हीच मारला हात."

"मला न इचारता? का?"

मास्तर पुढं झाले आणि अंगठ्याच्या नखानं त्यांनी भिंत खरवडली. आमचा चुना अजून कोवळा होता, तो सहज निघाला. खालून निळं आलं. त्यांनी आणखी खरवडलं. पुन्हा निळं, थोडं फिकं. त्याच्याखाली आणखी फिकं. एकेका वेळचा एकेक पापुद्रा नखाखाली येत होता आणि तो आपणच लावलाय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते वळले. राजव्वांना त्यांनी तेलुगूत काहीतरी विचारलं. राजव्वांनी तीन बोटं दाखवली.

"आनि पांडरं सूत?"

"मी धुवत होते."

"रोज?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. भिंगामागं तो डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. "टेंभुर्णी, तुमास्नी ठाव होतं?"

"होतं, मास्तर."

"मालकास्नी?"

मी मान खाली घातली. त्यांना राग येईल, दोन्ही भाषांत शिव्या बसतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. ते अगदी हळू, खरोखरच काही समजून घ्यायचं असल्यासारखं म्हणाले, "मग मी काय करत होतो हितं?"

आणि राजव्वांचा खांदा न धरता, भिंतीभिंतीनं चाचपडत ते घरी गेले.

पुन्हा कामावर आले नाहीत. मालक स्वतः त्यांच्या घरी गेले, आता तर नजर चांगली झाली, चला म्हणाले. मास्तर म्हणाले, "मालक, काम तिला द्या. तीन वर्षं तीच करतीया." मालक आधी हसले. बाई रंगमास्तर सोलापुरात कुणी ऐकली नव्हती. पण मास्तर हटले नाहीत आणि मालकांनाही दुसरा माणूस मिळेना. राजव्वा रडल्या, जाणार नाही म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "तू गेली न्हाईस तर मी जेवनार न्हाय." दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी राजव्वा कामावर आल्या. मागवाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण माल आधी होता तसाच चोख जात राहिला, कारण तो आधीही त्यांच्याच हातचा होता.

मी एकदा घरी गेलो तेव्हा मास्तर ओट्यावर बसले होते. एकदा उजवा डोळा मिटायचे, एकदा डावा. माझ्याशी नेहमीसारखे बोलले. डॉक्टरनं दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली होती, पण ते नको म्हणत होते. मी आग्रह केला.

"डावा ऱ्हाऊ दे, टेंभुर्णी. उजव्यानं बघितलं की सगळं बरोबर दिसतंय. डाव्यानं बघितलं की मी मास्तर हाय."

मी क्षमा मागायला गेलो होतो. ते ऐकल्यावर ती तशीच राहून गेली. तेव्हाच, अगदी पहिल्या दुपारी, हौदातलं निळं पाणी बघितलं तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं का? ते खचले असते. पण आपल्या डोळ्यांपायी खचले असते, सगळे मागून सांभाळून घेतायत हे कळून नव्हे. पन्नास वर्षं मी हा विचार करतोय आणि अजून मला नक्की सांगता येत नाही. राजव्वांनी केलं ते मायेनं केलं, एवढं नक्की. मी केलं ते बहुधा भिडस्तपणानं.

त्याच वर्षी मला इचलकरंजीला नोकरी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गेल्याचं राजव्वांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत करू दिलं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सोलापूर सोडायच्या आदल्या दिवशी. हिशेब करायला कारखान्यात गेलो होतो. सकाळचा भोंगा नुकताच झाला होता. फाटकाशी मास्तर आणि राजव्वा उभे होते. राजव्वा पुढं आणि मास्तर त्यांच्या मागं, हातात जेवणाचा डबा. राजव्वांनी हात मागं केला, मास्तरांनी डबा दिला. त्या आत गेल्या. मास्तरांचे हात मी पहिल्यांदाच स्वच्छ बघत होतो. नखंसुद्धा गोरी झाली होती.

मी लगबगीनं फाटकाशी गेलो. "मास्तर, आत या की. चहा घेऊ."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि मला ओळखलं. टोमणा नव्हता, कडवटपणा नव्हता. पत्ता चुकलेल्या माणसाला सांगावं तसं ते म्हणाले, "मास्तर आत्ताच आत गेल्या की."

मग वळले. फाटकाबाहेरची पायरी दोनदा पायानं चाचपली, उतरले आणि कंपाउंडच्या भिंतीला हात लावत चौकाकडं निघाले. मला पुन्हा हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची ते सुचलं नाही.